पक्ष्यांना अभय, माणसांना हद्दपारी

१ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांनी एक घोषणा केली आणि जगभरच्या निसर्गप्रेमींनी तिचे मुक्तकंठाने स्वागत केले. हिंदी महासागराच्या मध्यभागी असलेल्या चागोस द्वीपसमूहाभोवतीचा सुमारे ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटरचा समुद्र यापुढे ‘सागरी संरक्षित क्षेत्र’ म्हणून राखला जाईल आणि तेथे व्यापारी मासेमारीला पूर्ण बंदी राहील, अशी ती घोषणा होती. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून मोठा असा हा टापू. मासेमारीला संपूर्ण मज्जाव असलेले एवढे विस्तीर्ण राखीव क्षेत्र त्या वेळी जगात दुसरे नव्हते. प्रवाळ वाचणार, शार्क वाचणार, कासवे वाचणार, समुद्रपक्षी वाचणार; मग तक्रारीला जागा कोठे उरली?

तक्रारीची जागा एका साध्या प्रश्नात आहे. ज्या बेटांभोवती हे कुंपण घालण्यात आले, त्या बेटांवर माणसे का नव्हती? निर्मनुष्य समुद्र राखीव करणे सोपे असते. तेथे विरोध करायला कोणी नसते, हक्क सांगायला कोणी नसते. पण चागोसचा समुद्र निर्मनुष्य कसा झाला, तो कोणी केला आणि कशासाठी केला, हे समजून घेतल्याखेरीज त्या घोषणेचे खरे मोल ठरवता येणार नाही.

मालदीवच्या दक्षिणेस सुमारे ५०० किलोमीटर अंतरावर हा द्वीपसमूह पसरला आहे. प्रवाळांनी रचलेली साठाच्या आसपास लहान बेटे, सात कंकणद्वीपे, आणि सगळी जमीन मिळून जेमतेम ६० चौरस किलोमीटर. त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या दिएगो गार्सिया बेटाची. पेरोस बान्होस आणि सालोमन ही त्याची उत्तरेकडची भावंडे. निसर्गाने येथे हात आखडता घेतलेला नाही. जगातील सर्वांत मोठी कंकणद्वीप-रचना येथेच पाण्याखाली आहे. हिरवी कासवे आणि बाकदार चोचीची कासवे येथील वाळूत अंडी घालतात. झाडावर चढून जाणारा प्रचंड नारळखेकडा येथे अजून निर्धास्त फिरतो. या संपत्तीचे जतन व्हायला हवे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

पण या बेटांवर माणसेही होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम आणून येथे नारळाचे मळे उभे केले. १८१४ च्या पॅरिस तहाने मॉरिशस आणि त्याबरोबर चागोस ब्रिटिशांकडे आले. पुढे गुलामगिरी कायद्याने संपली, पण मळा संपला नाही. भारतातून आलेल्या मजुरांचेही रक्त या लोकसंख्येत मिसळले. खोबरे सुकवायचे, तेल गाळायचे, फावल्या वेळी मासे धरायचे, असे जीवन पाच-सहा पिढ्या चालले. त्या जीवनाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मळ्याचा मालक हाच तेथे सरकार होता आणि मजुरी तुटपुंजी होती. तथापि घर होते, होडी होती, देऊळ म्हणजे तेथले चर्च होते, पूर्वजांची थडगी होती आणि त्या बेटांवरच घडलेली स्वतःची क्रिओल बोली होती. साठोत्तरी दशकाच्या सुमारास अशी दीड ते दोन हजार माणसे तेथे राहत होती. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्या तेथेच पुरल्या गेल्या, त्यांना ‘हंगामी मजूर’ ठरवण्याची कामगिरी पुढे लंडनच्या सचिवालयाने पार पाडली.

ती कामगिरी का करावी लागली? कारण १९६० नंतर आफ्रिका-आशियातील वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत होत्या आणि अमेरिकेला हिंदी महासागरात असा एक तळ हवा होता, की जेथे उद्या कोणी स्वातंत्र्य मागणार नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १४ डिसेंबर १९६० रोजी संमत केलेल्या १५१४ क्रमांकाच्या ठरावाने वसाहतीला स्वातंत्र्य देण्यापूर्वी तिचे लचके तोडण्यास स्पष्ट हरकत घेतली होती. तरीही ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनने मॉरिशसपासून चागोस तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत जन्माला घातली. जगातल्या वसाहती संपत असताना नवी वसाहत निर्माण करण्याचा हा पराक्रम! त्याच डिसेंबरात आमसभेने २०६६ क्रमांकाचा ठराव करून मॉरिशसचे तुकडे करू नका असे बजावले. लंडनने तिकडे दुर्लक्ष केले. मॉरिशसला ३० लाख पौंड दिले गेले आणि १२ मार्च १९६८ रोजी त्याला जे स्वातंत्र्य मिळाले, ते चागोसवाचून मिळाले. दरम्यान ३० डिसेंबर १९६६ रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात पत्रांची देवघेव होऊन बेटे ५० वर्षांसाठी लष्करी उपयोगाकरिता देण्यात आली. मोबदल्यात ब्रिटनला पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली. माणसांच्या घरांची किंमत अण्वस्त्रांच्या हिशेबात वळती झाली.

त्या वर्षीचे ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील टिपण पुढे न्यायालयीन लढ्यात उजेडात आले. एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने लिहिले होते की, आपल्याला कायम आपलेच राहतील असे काही खडक हवे आहेत आणि तेथे समुद्रपक्ष्यांखेरीज कोणी मूळ रहिवासी असणार नाही. त्या पक्ष्यांची अजून समिती झालेली नाही. दुसऱ्या अधिकाऱ्याने त्याला पुस्ती जोडली की, दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर काही थोडे टारझन आणि रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतले ‘फ्रायडे’ही आहेत आणि त्यांची कोठेतरी रवानगी करावी लागेल. साम्राज्य कसे चालते, हे शंभर ग्रंथांतून कळणार नाही ते या दोन ओळींच्या थट्टेतून कळते. तलवारीची गरज नाही, बंदुकीची गरज नाही. फाईलवर एक विनोदी शेरा पुरेसा होतो.

मग रवानगी सुरू झाली. १९६८ पासून उपचारासाठी किंवा नातेवाईकांना भेटण्यासाठी मॉरिशसला गेलेल्या माणसांना परतीच्या बोटीवर जागा नाकारण्यात येऊ लागली. बेटांवरचा धान्याचा आणि औषधांचा पुरवठा आटत गेला. १९७१ मध्ये परवान्याशिवाय बेटांवर राहणे हाच गुन्हा ठरवणारा वटहुकूम निघाला. त्या वर्षी दिएगो गार्सिया रिकामे करण्यात आले आणि बेटावरची कुत्री विषारी वायूने मारण्यात आली. मालकांना त्यातून घ्यायचा तो इशारा त्यांनी घेतला. १९७३ मध्ये पेरोस बान्होसवरची शेवटची कुटुंबे बोटीत चढवली गेली. मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर ही माणसे उतरली तेव्हा त्यांच्यापाशी घर नव्हते, काम नव्हते आणि नव्या जगात उपयोगी पडेल अशी कोणतीही कारागिरी नव्हती. नारळ सोलणाऱ्या हातांना ऊसाच्या देशात कोण विचारणार? पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत ती विखुरली. ब्रिटनने मॉरिशस सरकारला दिलेले साडेसहा लाख पौंड त्यांच्यापर्यंत पोचायला १९७० चे दशक संपत आले. १९८२ मध्ये आणखी ४० लाख पौंड आले, पण त्यांतला वाटा घेताना अनेकांचे अंगठे अशा इंग्रजी कागदावर उमटवून घेण्यात आले, की ज्यात परतीचा हक्क सोडल्याचे म्हटले होते. ज्यांना ती भाषा वाचता येत नव्हती, त्यांच्या अंगठ्याला संमती म्हणायचे असेल, तर सावकाराच्या वहीतल्या अंगठ्यालाही संमतीच म्हणावे लागेल.

या अन्यायाविरुद्ध प्रथम रस्त्यावर आल्या त्या चागोसच्या बायका. शार्लेशिया अलेक्सिस, लिझेट तालात, रिटा बांकूल या स्त्रियांनी पोर्ट लुईत उपोषणे केली, मोर्चे काढले, पोलिसांच्या लाठ्या सोसल्या. रिटा यांचे पुत्र ऑलिव्हिए बांकूल यांनी पुढे हा लढा लंडनच्या न्यायालयात नेला. ३ नोव्हेंबर २००० रोजी तेथील उच्च न्यायालयाने ही हद्दपारी बेकायदा ठरवली. क्षणभर वाटले की न्याय झाला. परंतु २००४ मध्ये संसदेपुढे विषय न नेता, राजेशाहीच्या विशेषाधिकाराखाली आदेश काढून, ब्रिटिश सरकारने परतीचा रस्ता पुन्हा बंद केला. २००८ मध्ये लॉर्ड्स सभागृहाच्या न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तो आदेश उचलून धरला. आणि त्यानंतर अवघ्या दीड वर्षात राखीव क्षेत्राची घोषणा झाली.

हा योगायोग होता काय? विकिलीक्सने डिसेंबर २०१० मध्ये उघड केलेल्या कागदांत लंडनच्या अमेरिकी वकिलातीने मे २००९ मध्ये पाठवलेली एक तार आहे. या वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याशी झालेल्या बोलण्याचा तो वृत्तांत. बेटांवर मानवी पावलांचे ठसे राहणार नाहीत, ‘फ्रायडे’ राहणार नाहीत, आणि सागरी उद्यान झाले की माजी रहिवाशांच्या पुनर्वसनाच्या मागणीला आपोआप पूर्णविराम मिळेल, असे तो अधिकारी म्हणाल्याचे त्यात नमूद आहे. तेहेतीस-चौतीस वर्षांपूर्वीच्या टिपणीतला ‘फ्रायडे’ नव्हे, त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या टिपणीतला तोच ‘फ्रायडे’ पुन्हा प्रकटला होता. पिढी बदलली, शेरा बदलला नाही. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, घोषणेमागे अनुचित हेतू होता हा चागोसवासीयांचा आरोप ब्रिटिश न्यायालयांनी मान्य केला नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ती तार पुरावा म्हणून ग्राह्य धरली, पण अपील फेटाळले. ठीक आहे. हेतूचा निवाडा बाजूला ठेवू आणि परिणाम पाहू. ज्या बेटांवर परतणाऱ्या माणसाला मासे धरून विकण्याची सोय नाही, तेथे तो परतून जगणार कशावर? हद्दपारीचा आदेश रद्द करता येतो. पण उपजीविकाच बेकायदा ठरवली, म्हणजे आदेशाचीही गरज उरत नाही.

या राखीव क्षेत्राचा नकाशा नीट पाहिला तर आणखी एक गंमत दिसते. समुद्र राखला गेला, पण दिएगो गार्सिया आणि त्याच्या किनाऱ्यालगतचे तीन सागरी मैल मात्र त्यातून वगळले गेले. म्हणजे जेथे माणसाने निसर्गाची सर्वांत अधिक मोडतोड केली, नेमका तोच भाग निसर्गरक्षणाच्या बाहेर! सुमारे १२ हजार फुटांच्या धावपट्टीसाठी आणि युद्धनौकांच्या बंदरासाठी येथील प्रवाळ फोडले गेले, खाजणाचा तळ खरवडला गेला. १९९१ मध्ये इराकवर, २००१ मध्ये अफगाणिस्तानवर आणि २००३ मध्ये पुन्हा इराकवर बॉम्ब टाकायला विमाने येथूनच उडाली. तळावर सैनिक आणि कंत्राटी कामगार मिळून काही हजार माणसे राहत आली. सफाई-स्वयंपाकाला फिलिपिन्समधून मजूर आणले गेले. त्यांना विरंगुळा म्हणून गळ टाकून मासे धरण्याची मुभा होती. काही हजार परक्या माणसांच्या वस्तीने जो निसर्ग बिघडत नाही, तो काही शे मूळ रहिवासी परतल्याने कोलमडून पडेल, हे कोणत्या शास्त्राला धरून आहे?

शास्त्राचा विषय निघालाच आहे, तर तोही पुरता पाहू. बेटे सखल आहेत, समुद्राची पातळी वाढते आहे, म्हणून तेथे माणसांनी कायम राहणे धोक्याचे व खर्चाचे आहे, असे २००२ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी झालेल्या पाहणीत म्हटले होते आणि पुढे परतीची मागणी नाकारताना त्याचा आधार घेण्यात आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये पुन्हा नकार देताना व्यवहार्यता, संरक्षण आणि खर्च अशी कारणे पुढे करण्यात आली. आणि त्याच काळात तळाची मुदत २०३६ पर्यंत वाढवण्यात आली! समुद्र माणूस ओळखून वर चढतो की काय? नारळ काढणाऱ्याचे घर बुडवायचे आणि बॉम्बफेकी विमानांची धावपट्टी कोरडी ठेवायची, असा पक्षपात समुद्र करीत नाही. तो पक्षपात सरकारे करतात.

मासेमारीबंदी निरर्थक आहे, असे आमचे म्हणणे नाही. दूर देशांची अजस्र ट्यूना-जहाजे हिंदी महासागर कसा उपसत आहेत, हे किनाऱ्यावरचा कोणताही कोळी सांगेल. परंतु २०१० पर्यंत त्याच जहाजांना चागोसच्या पाण्याचे परवाने विकणारे कोण होते? हीच वसाहत-सरकार नावाची यंत्रणा. शिवाय केवळ बंदीने प्रवाळ वाचत नाहीत. १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये समुद्राचे पाणी तापले आणि चागोसचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. तेथे मासेमारीला मज्जाव होता की नव्हता, याची उष्णतेने विचारपूस केली नाही. प्रवाळांचा खरा वैरी दूरच्या कारखान्यांच्या धुराड्यांत आणि श्रीमंत देशांच्या इंधनाच्या उधळपट्टीत आहे. त्याला हात लावायचा नाही आणि बेटावरच्या माणसाला मात्र निसर्गाचा शत्रू ठरवायचे, हा न्याय उफराटा आहे.

२०१८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात याच बेटांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जहाजांतून आलेले उंदीर पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त करतात. ज्या बेटांवर उंदीर पोचले नाहीत, तेथे समुद्रपक्ष्यांची दाटी उंदीर असलेल्या बेटांच्या ७६० पट आढळली. त्या पक्ष्यांची विष्ठा जमिनीतून झिरपून समुद्रात जाते, तिच्यावर प्रवाळांच्या आसऱ्याचे मासे पोसतात, आणि प्रवाळांनाही त्याचा लाभ होतो. यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. चागोसचा निसर्ग नुसता कुलपात ठेवून सुधारणार नाही. उंदीर काढावे लागतील, मोकाट माजलेल्या जुन्या नारळमळ्यांच्या जागी मूळची झाडे लावावी लागतील, किनाऱ्यावर वाहून येणारे प्लास्टिक उचलावे लागेल, चोरट्या मासेमारीवर नजर ठेवावी लागेल. या प्रत्येक कामाला वर्षानुवर्षे तेथे राहणारी, ऋतू आणि प्रवाह ओळखणारी, त्या भूमीवर जीव असलेली माणसे लागतात. महाराष्ट्राच्या दुपटीएवढ्या समुद्रावर एखाद-दुसरे गस्ती जहाज फिरवून राखण होत नसते. जे लोक या समुद्राचे पहिले राखणदार व्हायचे, त्यांनाच बाहेर काढून दाराला कुलूप घातले गेले.

हा प्रश्न दूरच्या बेटांचा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण अभयारण्य कोणासाठी आणि कोणाला वगळून, हा वाद आपल्या किनाऱ्यावरही झालेला आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्राचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, तेव्हा आपल्या पोटावर पाय येईल या भीतीने तेथील मच्छीमारांनी विरोध केला. पुढे १९९१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचे रक्षण करण्याची पुरेशी तरतूद आधी केली पाहिजे, असे कलम त्यात आले. त्या कलमाची अंमलबजावणी किती होते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु तत्त्व म्हणून कायद्याने एवढे तरी मानले की, समुद्रात माशांखेरीज कोळ्याचाही हक्क असतो. चागोसच्या घोषणेत या तत्त्वाला तिलांजली मिळाली होती.

ती घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कसोटीलाही उतरली नाही. सागरी कायद्याच्या करारानुसार नेमलेल्या लवादाने १८ मार्च २०१५ रोजी निवाडा दिला की, मॉरिशसच्या हक्कांची यथायोग्य दखल न घेता हे क्षेत्र जाहीर करून ब्रिटनने कराराचा भंग केला. १९६५ मध्ये मॉरिशसला मासेमारीच्या हक्कांविषयी आणि संरक्षणाची गरज संपताच बेटे परत करण्याविषयी दिलेली आश्वासने बंधनकारक आहेत, असेही लवादाने म्हटले. त्यानंतर प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेले. पेरोस बान्होसवर जन्मलेल्या लिझबी एलिझे या वृद्ध स्त्रीची कैफियत चित्रफितीवरून तेथील न्यायमूर्तींनी ऐकली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ मताने सल्ला दिला, की मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीरपणे पुरे झालेले नाही आणि ब्रिटनने शक्य तितक्या लवकर चागोसवरचा कारभार संपवला पाहिजे. २२ मे २०१९ रोजी आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला पाठिंबा दिला. त्या ११६ मतांत भारताचे मत होते.

बरोबर सहा वर्षांनी, २२ मे २०२५ रोजी, ब्रिटन आणि मॉरिशस यांच्या करारावर सह्या झाल्या. सार्वभौमत्व मॉरिशसचे, पण दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनच्या ताब्यात, त्यासाठी दरवर्षी सरासरी १० कोटी १० लाख पौंड भाडे, आणि चागोसवासीयांसाठी ४ कोटी पौंडांचा विश्वस्त निधी, असा त्याचा सांगाडा. दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर वस्ती करवून घेण्यास मॉरिशस मोकळे राहील, असे त्यात आहे. वसाहतीच्या दाव्याला तिलांजली देणारा म्हणून या कराराचे महत्त्व आहेच. पण सह्या करणाऱ्यांत चागोसचे लोक नव्हते. सही होण्याच्या दिवशी सकाळी चागोसमध्ये जन्मलेल्या दोन स्त्रियांना लंडनच्या न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, हे पुरेसे बोलके आहे. १९६५ मध्ये दोन सरकारांनी त्यांच्या डोक्यावरून सौदा केला. साठ वर्षांनी पुन्हा दोन सरकारेच बोलणी करीत होती. मॉरिशसच्या राज्यकर्त्यांनीही या विस्थापितांना झोपडपट्टीत कुजत ठेवले आणि नुकसानभरपाई वर्षानुवर्षे अडवून धरली, हे विसरता येत नाही. मालक बदलला म्हणजे मुक्ती झाली, असे मानण्याचा भाबडेपणा तिसऱ्या जगाने पुष्कळदा भोगला आहे.

म्हणून या करारापुढे कोणतीही वळणे आली, तरी आमची मागणी एकच राहील. चागोसचा समुद्र जरूर राखावा; पण त्याचे नियम पेरोस बान्होस आणि सालोमनच्या लेकरांना विचारून ठरावेत. मोठ्या जहाजांना बंदी आणि बेटवासीयांच्या होडीला हक्क, हा त्यातला पहिला नियम असावा. उंदीर काढण्याचे, झाडे लावण्याचे, गस्त घालण्याचे काम आणि त्याचे वेतन प्रथम त्यांना मिळावे. त्यांच्या पूर्वजांच्या थडग्यांना भेट देण्यासाठी कोणाच्याही नाविक दलाची परवानगी मागावी लागू नये. आणि संरक्षित क्षेत्राच्या नकाशात दिएगो गार्सियाचे खाजणही यावे. निसर्गाचा कायदा तळाच्या फाटकाशी येऊन थांबत असेल, तर तो निसर्गाचा कायदा नव्हे, तळाचाच कायदा होय.

या लढ्याशी आपला संबंध दूरचा नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी आमसभेने हिंदी महासागर शांतताक्षेत्र असल्याचा ठराव केला, तेव्हा दिएगो गार्सियाची कुटुंबे नुकतीच बोटीतून उतरवली गेली होती. आपल्या देशाने त्या काळी या तळाविरुद्ध आवाज उठवला. पण महासत्तांच्या चढाओढीच्या चर्चेत बेटावरची माणसे कोणाच्याच लक्षात राहिली नाहीत. मॉरिशसच्या ऊसमळ्यांत एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसेही करारबद्ध मजूर म्हणून गेली. त्यांचे वंशज आज त्या देशाचे नागरिक आहेत आणि मराठी तेथील शाळांतून शिकवली जाते. मळेवाल्याच्या बोटीतून परक्या बेटावर उतरण्याचे दुःख त्यांच्या घराण्यांना ठाऊक आहे. चागोसच्या शेजाऱ्याला झोपडपट्टीतून घरी पोचवण्याच्या मागणीत त्यांचा आणि आपला सूर मिळावा, अशी अपेक्षा गैर ठरू नये.

निसर्गप्रेमी मित्रांना शेवटी एवढेच सांगायचे आहे. समुद्रपक्ष्यांची समिती नाही, अशी थट्टा १९६६ मध्ये झाली होती. आज त्या पक्ष्यांच्या बाजूने बोलायला जगात पुष्कळ समित्या, संस्था आणि निधी आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या समित्यांनी आपल्या टेबलाशी चागोसच्या माणसासाठीही एक खुर्ची ठेवावी, आणि तो बसल्याखेरीज सभेला सुरुवात करू नये.